रिकाम्या पदांचे टाइपरायटर

प्रतिमा गेली ही बातमी मल्हाररावांना सर्वांत शेवटी कळली. नवरा सोडून बाकी सगळ्या संस्थेला ती आधीच कळली होती.

याला कारण टेलिफोन. बंगळूरच्या त्या सरकारी संशोधन संस्थेत १९६८ साली बाहेरचा फोन एकच होता आणि तो डायरेक्टर डॉ. शेषगिरींच्या टेबलावर असे. हॉस्पिटलातून फोन आला. साहेबांनी ऐकला, "अय्यो" म्हणाले आणि प्रशासन अधिकारी बसवंतअण्णांना बोलावलं. डायरेक्टरनं उठून थेट एका साध्या इंजिनिअरच्या खोलीत जाणं रीतीला धरून नव्हतं. बसवंतअण्णांनी विभागप्रमुखांना सांगितलं. विभागप्रमुख जेवत होते. जेवण झाल्यावर, हात धुऊन, त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं. हेडक्लार्कला असलं काही सांगायला जमत नसे, म्हणून त्यानं शिपायाला पाठवलं.

शिपाई दारात येऊन नुसता रडत उभा राहिला. मल्हाररावांना वाटलं, याच्याच घरी काहीतरी झालंय. त्यांनी हातातली तापलेली सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली, त्याला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. "धीर धर, आपण सगळे आहोत," असंही म्हणाले. मग शिपायानं सांगितलं.

तर अशी ती संस्था. तिथं मरणसुद्धा सीनिऑरिटीनं खाली उतरायचं.

मल्हारराव मूळचे बेळगावचे, राहायला चामराजपेटेत. घरी आता ते आणि त्यांच्या सासूबाई विठाबाई, अशी दोघंच. प्रतिमा कारवारची. ती शेवटच्या आजारात बजावून गेली होती, "मला समुद्रातच सोडा. जन्म तुमच्या नळाच्या पाण्यावर काढला, आता तरी भरपूर पाणी मिळू दे." म्हणजे गोकर्णला जाणं आलं. जायला, यायला आणि तिथल्या विधींना मिळून चार दिवसांची रजा हवी होती.

अस्थी घरात ठेवत नाहीत, म्हणून तांब्यात घालून, फडकं बांधून मागच्या शेवग्याला टांगल्या होत्या. विठाबाई रोज संध्याकाळी तिथं दिवा लावत आणि जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात लेकीशी बोलत.

"पोरी, आणखी थोडी थांब गो. तुझ्या नवऱ्याचा अर्ज परत आलाय. घरमालकीण शेंगा काढायला येईना आणि आपल्याला काढायची हिंमत होईना. सगळ्या शेंगा झाडावर जून झाल्या."

अर्ज खरंच तीनदा परत आला होता. बसवंतअण्णा निपाणीकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही घरचीच. माणूस वाईट नव्हता, पण नियमापलीकडे त्याला जग नव्हतं.

"मल्हारराव, दुःखाची रजा तेराव्यापर्यंत. ती तुम्ही घेतली. आता ही अस्थींची रजा कुठल्या सदरात घालू?"

"कुठल्याही घाला, अण्णा."

"मी म्हणतो, हेब्बाळचं तळं काय वाईट आहे? पाणी स्वच्छ आहे, बस थेट जाते. अर्ध्या दिवसाच्या किरकोळ रजेत काम होतं."

"तिला समुद्र हवा होता."

"सरी. मग साहेबांना विचारा."

साहेबांनी शब्द दिला, पण अट घालून. सोमवारी दिल्लीहून समिती येणार होती. संस्थेनं स्वतः बांधलेलं गणकयंत्र समितीला पसंत पडलं तर पुढचं अनुदान मिळणार होतं, नाही तर यंत्र मोडीत जाणार होतं. "सोमवारी यंत्र चालवून दाखवा, मंगळवारपासून चार दिवस तुमचे," साहेब म्हणाले. "पण एक अडचण सोडवा. पाचही विभागप्रमुख माझ्यामागे लागलेत. प्रत्येकाला स्वतःचा टाइपरायटर पाहिजे आणि बाहेरून मागवायला परकीय चलन तर एकापुरतंही मिळत नाही."

यंत्राचे निकाल छापायला एकच टाइपरायटर होता. तरी मल्हारराव छाती काढून म्हणाले, "साहेब, एकही टाइपरायटर न आणता प्रत्येकाला टाइपरायटर देतो. हवं तर उरतीलसुद्धा."

हे बोलणं पोकळ नव्हतं. यंत्र म्हणजे तीन लोखंडी कपाटं. त्याला जोडायची सगळी उपकरणं एकाच जाड केबलला लटकत, दोरीवरच्या ओल्या कपड्यांसारखी. प्रत्येक उपकरणाला एक नंबर. यंत्र एकापासून विचारत सुटे. एक नंबर, काही काम? दोन नंबर, काही काम? लहान नंबराचं काम निघालं की मोठ्या नंबरांनी मुकाट थांबायचं. शिवाय प्रत्येक नंबराला यंत्राच्या स्मृतीत एक कप्पा मिळे, त्यात त्याचा मजकूर साठे. नंबर एकूण पंधरा होते. पंधराव्या कप्प्याच्या पुढं परत पहिलाच कप्पा यायचा, गोल फिरणाऱ्या पंगतीसारखा.

मल्हाररावांची युक्ती अशी होती. केबलवर खरा टाइपरायटर एकच ठेवायचा, पण यंत्राच्या मुख्य प्रोग्राममध्ये पाच खोटे टाइपरायटर उभे करायचे. प्रत्येक विभागाला त्यातला एक नंबर आणि एक कप्पा. ज्याची पाळी येईल त्याचा मजकूर त्या एकाच खऱ्या टाइपरायटरवर छापला जाईल, वर त्या विभागाचं नाव आपोआप पडेल. प्रत्येकाला वाटेल, टाइपरायटर माझाच आहे. मल्हाररावांच्या हाताखाली पुण्याहून आलेली सुलभा नावाची हुशार मुलगी होती. तिला हे फार आवडलं.

"म्हणजे सर, एका सासूला पाच सुनांनी वाटून घ्यायचं आणि प्रत्येकीनं म्हणायचं, माझीच."

"अशी खोटी सासू मिळाली तर लोक रांग लावतील," मल्हारराव म्हणाले. ते बऱ्याच दिवसांनी काहीतरी गमतीचं बोलले होते.

सगळं ठरलं आणि नंबर वाटायला बसवंतअण्णांनी बैठक बोलावली. नंबर म्हटल्यावर विषय प्रशासनाचा झाला.

मल्हारराव म्हणाले, "एक नंबर टेप रीडरला देऊ." टेप रीडर म्हणजे भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचून यंत्राला मजकूर भरवणारं उपकरण. "पट्टी वेगानं धावते. तिची अक्षरं लगेच उचलली नाहीत तर सांडतात. त्याला पहिला नंबर आणि मोठा कप्पा पाहिजे."

बसवंतअण्णांनी चष्मा काढला. "तो कुठल्या ग्रेडचा?"

"उपकरण आहे, अण्णा."

"म्हणजे नॉन-गॅझेटेड. मग डायरेक्टरसाहेब त्याच्या मागं उभे राहणार काय?"

"पण साहेबांना टाइपरायटर नकोच आहे. त्यांनी मागितलेला नाही."

"त्यांनी मागायचं नसतं. आपण ठेवायचा असतो. एक नंबर डायरेक्टर. दोन नंबर डेप्युटी डायरेक्टर."

"ते पद तर रिकामं आहे."

"माणूस नाही, पद मंजूर आहे. आज नंबर ठेवला नाही तर उद्या दिल्ली म्हणेल, बघा, याची गरजच नव्हती. मग पुढं विभागप्रमुख, रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे. मग मंजूर पण न भरलेली पदं. खरा टाइपरायटर चौदावा. शेवटी तुमचा तो रीडर."

"आणि कप्पे?"

"खोल्यांच्या मापानं. साहेबांची खोली मोठी, कप्पाही मोठा."

बाकीच्यांचे कप्पे वाटून झाल्यावर टेप रीडरला उरला तो कप्पा कसाबसा एक ओळ मावेल एवढा. मल्हाररावांनी सांगून पाहिलं की पट्टी लांब असली तर मजकूर उतू जाईल.

"स्वल्प अडजस्ट करा," बसवंतअण्णा म्हणाले. "चाळीत आम्ही नाही काय राहिलो?"

मल्हारराव आणखी भांडले असते, पण समोर चार दिवस दिसत होते. समितीला दाखवायची पट्टी एका ओळीचीच करू, असं ठरवून ते गप्प बसले.

पहिल्या चाचणीत यंत्रानं एक नंबराला विचारलं, दोन नंबराला विचारलं आणि तिथंच बसलं. डेप्युटी डायरेक्टर उत्तर देईनात. देणार कसे, नेमणूकच झालेली नव्हती. यंत्र बिचारं अदबीनं वाट बघत राहिलं. सगळे विभागप्रमुख खोळंबले.

"प्रत्यक्ष ऑफिसातही हेच चालतं," सुलभा म्हणाली.

मल्हाररावांनी प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली. रिकाम्या पदाला यंत्रानं काही विचारलं की प्रोग्रामनंच परस्पर सांगायचं, रजेवर.

"ज्याची नेमणूकच नाही तो रजेवर?"

"निदान त्याला तरी मिळू दे."

त्यानंतर यंत्र झकास चालायला लागलं. पाचही विभागप्रमुख आपापलं नाव छापून आलेले कागद छातीशी धरून गेले. मल्हाररावांनी विठाबाईंना बांधाबांध करायला सांगितली. त्यांनी काळे तीळ, दर्भ आणि वाटेत खायला दशम्या, अशी तयारी केली आणि शेवग्याखाली जाऊन लेकीला सांगितलं, "चल गो, तुझा नंबर लागला."

सोमवारी समिती आली. अध्यक्ष भारदस्त आणि संशयी होते. देशभरच्या संस्थांनी त्यांना इतकं काही घोटून घोटून दाखवलं होतं की समोर दिवा लागला तरी ते आधी भिंतीमागं बघत. सुलभानं एका ओळीची पट्टी लावली. टाइपरायटरनं एका विभागाच्या नावानं निकाल छापला.

"ही तुम्ही तयार करून आणलीत," अध्यक्ष म्हणाले. "दुसरी कुठलीही लावा. ती ट्रेमधली द्या."

ट्रेमध्ये जुन्या चाचण्यांची एक पट्टी पडली होती. मल्हाररावांनी ती ओळखली. रीडरचा कप्पा मोठा असतानाच्या दिवसांत चाचणीला काहीतरी लांब मजकूर लागायचा. तेव्हा त्यांना तोंडपाठ असलेला एकच लांब मजकूर होता आणि त्यांनी तोच भोकं पाडून ठेवला होता. तो म्हणजे रजेचा अर्ज.

"साहेब, ती जुनी आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच ती लावा."

पट्टी सर्रकन धावली. पहिली ओळ, म्हणजे मल्हाररावांचं नाव आणि हुद्दा, रीडरच्या कप्प्यात बसली. तिथं जागा संपली. पुढचा सगळा मजकूर उतू जाऊन शेजारच्या कप्प्यात गेला आणि पंधराच्या शेजारी एक. डायरेक्टरसाहेबांचा तो प्रशस्त कप्पा भरला. एक नंबराचं काम निघाल्याबरोबर यंत्रानं बाकी सगळ्यांना थांबवलं आणि टाइपरायटर खडखडू लागला. वर आपोआप पडलं, डायरेक्टर यांच्याकडून. खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत मजकूर आला. माझी पत्नी निवर्तली आहे. तिच्या अस्थी गोकर्ण येथे समुद्रात सोडावयाच्या आहेत. तरी चार दिवसांची रजा मंजूर व्हावी.

अध्यक्षांनी कागद फाडून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. मग डायरेक्टरसाहेबांकडे पाहिलं. साहेब प्रसन्न हसत होते. टाइपरायटर चालला एवढंच त्यांना दिसलं होतं. वाचायचा चष्मा खोलीत राहिला होता.

त्या हसण्यानं अध्यक्षांना भरून आलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि मान खाली घालून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून समिती उभी राहिली. समिती उभी राहिली म्हणून डायरेक्टरसाहेबही हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी आपल्या बायकोसाठी दोन मिनिटं शांतता पाळली.

मग त्यांनी हळूच बसवंतअण्णांना विचारलं, "कोण गेलं?"

साहेबांची पत्नी गेली, असं बसवंतअण्णांना अध्यक्षांच्या शेजारच्या माणसानं कानात सांगितलं होतं. मल्हाररावांचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला होता, पण आत्ता छापलेला कागद अध्यक्षांच्या खिशात होता, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. दिल्लीच्या अध्यक्षांनी उभं राहून पाळलेला मृत्यू खोटा असणार कसा? आता अडचण वेगळीच होती. डायरेक्टरला असली बातमी द्यायची ती त्याच्यापेक्षा वरच्यानं. बसवंतअण्णा खालचे. त्यांनी नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी ओळखलं की अध्यक्षांचंच कोणीतरी गेलं. चहाच्या वेळी ते अध्यक्षांचा हात धरून म्हणाले, "देव तुम्हाला बळ देवो."

"तुम्हालाही," अध्यक्ष म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

सुलभा मल्हाररावांना कोपरानं ढोसत होती. "सर, सांगा ना जाऊन."

"काय सांगू? यंत्र चुकलं म्हणून? यंत्र चुकलं तर अनुदान गेलं, आणि अनुदान गेलं की रजा गेली."

"पण सर, साहेबांची बायको…"

"ती जिवंत आहे. तिचं काही बिघडणार नाही."

पुढं दोन वाक्यांत सगळं मंजूर झालं. ज्या संस्थेचा प्रमुख असल्या दिवशीही हसतमुखानं यंत्र दाखवतो, तिच्याबद्दल आणखी काय तपासायचं, असं अध्यक्ष बसवंतअण्णांना म्हणाले. अनुदान मंजूर. आणि डायरेक्टरांना चार दिवसांची रजा, आत्ताच, अध्यक्षांच्या अधिकारात. समिती विमान गाठायला निघाली. साहेब तिला पोचवायला गेले.

इकडे बसवंतअण्णांनी नियमाप्रमाणे ऑफिस अर्धा दिवस बंद केलं, सिटी मार्केटमधून फुलांचं चक्र आणवलं आणि सगळ्यांना व्हॅनमध्ये भरून साहेबांच्या बंगल्यावर नेलं. मल्हारराव वाटेत म्हणाले, "अण्णा, जरा ऐका." अण्णा म्हणाले, "आता बोलू नका. तुम्ही नुकतेच यातून गेलाय, तुम्हाला त्रास होईल."

बंगल्याचं दार प्रेमाअक्कांनीच उघडलं, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं. हातात सांबाराचा डाव होता. समोर खाली माना घातलेली अख्खी संस्था आणि पुढं बसवंतअण्णा, चक्र घेऊन.

"काय हे, बसवंता? कुणासाठी?"

बसवंतअण्णांनी आयुष्यात वरिष्ठांच्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"तुमच्यासाठीच, अक्का."

प्रेमाअक्कांनी चक्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "फुलं ताजी आहेत," त्या म्हणाल्या. "आत या. आता खरं काय ते सांगा, नाही तर सांबार कुणाला मिळणार नाही."

मग मल्हाररावांनी सांगितलं. नंबर, कप्पे, उतू गेलेला अर्ज, सगळं. प्रेमाअक्का आधी खूप हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की या गोष्टीत मेलेली एक बाई खरोखरच आहे. त्या हसायच्या थांबल्या आणि मल्हाररावांना त्यांनी आधी वाढलं.

साहेब परत आल्यावर त्यांना सगळं कळलं. ते रागावले नाहीत. रागवायचं तर दिल्लीला कळवावं लागलं असतं आणि दिल्लीला कळवायचं तर यंत्रानं एकाचा अर्ज दुसऱ्याच्या नावानं छापला हे कबूल करावं लागलं असतं. अनुदान तिथंच बुडालं असतं. म्हणून साहेबांची बायको कागदोपत्री मेलेलीच राहणं सगळ्यांच्या हिताचं होतं. रजाही परत करता येईना. अध्यक्षांनी दिलेली दुःखाची रजा नाकारणारा माणूस संशयास्पद दिसला असता.

"मग जाऊ या की गोकर्णला," प्रेमाअक्का म्हणाल्या. "लग्नापासून तुम्ही मला कुठं नेलं नाही. मेल्यावर तरी न्या."

मंगळवारी सकाळी साहेब आणि प्रेमाअक्का गोकर्णला गेले.

मल्हारराव बांधलेली पिशवी घेऊनच ऑफिसात आले होते. "अण्णा, यंत्र पसंत पडलं. साहेबांचा शब्द होता. मी निघतो."

"बरोबर आहे. शब्द मी पण ऐकलाय," बसवंतअण्णा म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण रजेवर सही साहेबांची लागते, आणि साहेब रजेवर आहेत."

"मग त्यांच्या खालच्यांची चालेल."

"चालते ना. साहेब नसताना डेप्युटी डायरेक्टर सही करतात."

मल्हाररावांनी पिशवी खाली ठेवली.

"साहेब आल्याबरोबर तुमचा अर्ज वर ठेवतो," अण्णा म्हणाले. "मात्र एक सांगतो, रागावू नका. अनुदान आलंय. आता सगळ्या नव्या उपकरणांचे नंबर लावायचेत. साहेब आल्यावर तुम्हाला कितपत सोडतील, देव जाणे."

संध्याकाळी विठाबाईंनी पिशवी परत आलेली पाहिली. सुलभानं आदल्या दिवशी एक तोड सुचवली होती, ती मल्हाररावांनी भीत भीत सांगून पाहिली. साहेब जाणारच होते, तर अस्थी त्यांच्याबरोबर दिल्या असत्या.

"परक्या माणसाच्या हातून?" विठाबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमच्या ऑफिसात काय चालतं ते चालू दे. माझ्या लेकीला सीनिऑरिटीनं पाठवायचं नाही. तिला तुम्ही न्यायचं."

"हो," मल्हारराव म्हणाले.

साहेब चार दिवसांनी परत आले, उन्हानं काळवंडलेले आणि खुशीत. त्यांनी सगळ्यांना प्रसाद वाटला. मल्हाररावांना दोनदा दिला. दुसऱ्याच आठवड्यात नवी उपकरणं आली आणि मल्हारराव त्यांचे नंबर लावत बसले. टेप रीडरला आता पहिला नंबर आहे. बसवंतअण्णांनी त्याला खास बाब म्हणून गॅझेटेड करून घेतलं.

प्रतिमाला समुद्रात सोडायचं राहिलंय.